हत्तीआजोबांची कंपाउंडर

मी वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक आहे. किराणावाल्याचा तराजू, दूधवाल्याचं माप, कापडवाल्याची मीटरपट्टी, जे जे मोजतं ते मी तपासतो आणि खरं निघालं तर त्यावर शिक्का मारतो. मी दुकानात पाऊल टाकलं की गल्ल्यावरच्या माणसाचा आवाज मऊ होतो आणि कुठूनतरी खुर्ची येते. घरी यातलं काहीच होत नाही, पण ते सोडा. सांगायचा मुद्दा एवढाच, की 'जास्त' किंवा 'कमी' हा शब्द कानावर पडला की माझ्या तोंडून पुढचा प्रश्न आपोआप बाहेर पडतो: कशापेक्षा?

त्या दिवशी मी गॅलरीत शर्टांना इस्त्री करत होतो. छकू, म्हणजे आमची एकुलती एक, शेजारी येऊन उभी राहिली. बराच वेळ एका शर्टाच्या बाहीशी चाळा करत राहिली आणि मग म्हणाली, "बाबा, हत्तीआजोबांच्या दवाखान्याला जायला मी आता जास्त मोठी झालेय का?"

दुसरा कुठलाही बाप 'छे गं' म्हणाला असता आणि कॉलरकडे वळला असता. मी विचारलं, "कशापेक्षा?"

ती म्हणाली, "माहीत नाही."

मी म्हणालो, "मग माहिती काढू."

पुढं जे जे झालं त्याला हे एक वाक्य कारणीभूत आहे असं माझ्या बायकोचं मत आहे. माझ्या मते कारणं बरीच आहेत, पण घरात माझ्या मताला शिक्का नाही.

हत्तीआजोबांचा दवाखाना हा शहराबाहेरच्या थीम पार्कमधला मुलांचा खेळ. बाकीच्या पार्कात किंचाळायला लावणारे पाळणे आणि पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, त्यात छकूला कधीच रस नव्हता. तिला फक्त तो कोपऱ्यातला गोल हॉल हवा होता. तिथं एक हत्ती डॉक्टर असतो. घसा बसलेला जिराफ, दात दुखणारी मगर असे पेशंट त्याच्याकडे येतात. एक गोगलगाय अगदी तातडीनं निघालेली असते आणि ती खेळ संपताना पोचते. समोर सतरंजीवर बसलेली सगळी मुलं म्हणजे आजोबांचे कंपाउंडर. आजोबा विचारतात, किती चमचे? कंपाउंडर ओरडून सांगतात. छकूनं हे सगळं टीव्हीवर लहानपणापासून पाहिलेलं, जिराफाच्या औषधासकट पाठ. पण तिथं जायचं ठरलं की एकदा तिला कांजिण्या आल्या, एकदा तिच्या आईचा पाय प्लॅस्टरमध्ये गेला, एकदा पार्कच दुरुस्तीसाठी बंद झालं. हे होईपर्यंत छकू उंचीनं आईच्या कानापर्यंत पोचली. त्या सतरंजीवर एकदा बसायचं, एवढंच तिला हवं होतं.

बायकोचा सल्ला होता की हो म्हणा आणि घेऊन जा. मी तिला समजावलं की असं अंदाजानं हो म्हणता येत नाही. ती भाजी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा उचलली.

आमच्या समोर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. सगळी बिल्डिंग त्यांना हेडसर म्हणते. शाळा सुटून त्यांना बरीच वर्षं झाली, पण परीक्षा घ्यायची खुमखुमी गेलेली नाही. मुलांच्या वयाबद्दल त्यांच्याइतका अनुभवी माणूस कुठं मिळणार, म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, मुलीला हजर करा.

छकू त्यांच्या खुर्चीसमोर हात मागं बांधून उभी राहिली. हत्ती बोलतो का, असं सरांनी विचारलं. ती नाही म्हणाली. हत्ती डॉक्टर होऊ शकतो का? नाही. मग त्या हत्तीच्या आत कोण असतं?

"माणूस," छकू म्हणाली.

"हे तुला कधी कळलं?"

"पहिल्यापासूनच माहीत होतं."

इथं हेडसरांचा अभ्यासक्रम संपला. आत माणूस आहे हे कळलं की बालपण संपतं, असा त्यांचा सिद्धांत होता आणि त्यावर ते निकाल देणार होते. ते जरा पुढं सरकले. आत माणूस असतो हे माहीत असून तुला ते बघायचंय? छकू हो म्हणाली, पण इतकं हळू की ते नाही म्हणूनही धरता आलं असतं. का बघायचंय, असं त्यांनी विचारलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. सर म्हणाले, केस अवघड आहे, आणि ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की जिन्यापर्यंत ऐकू गेलं.

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी होत्या. वहिनी जिन्यात नसतात असा क्षण आमच्या बिल्डिंगमध्ये क्वचितच येतो. त्यांची मुलगी छकूच्याच वर्गात. त्या अर्ध्या उघड्या दारातून आत आल्या आणि मला धीर देऊ लागल्या. असतं हो एकेकाचं, म्हणाल्या. त्यांच्या मुलीनं म्हणे शाळेत जायला लागल्यावर लगेच सगळी कापडी खेळणी स्वतः होऊन वाटून टाकली होती आणि आता ती आईला हिशेब शिकवते. शेवटी आवाज खाली आणून त्यांनी विचारलं की छकूला कुणा डॉक्टरला दाखवलंय का. हत्ती सोडून, असं त्या म्हणाल्या नाहीत, पण मला ते ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेची व्हॅन दाराशी थांबली तेव्हा मी खालीच होतो. छकू उतरली आणि आतून कुणीतरी हाक मारली, "कंपाउंडर!" मागोमाग पुष्कळ हसू आलं. मुलं कौतुकानं म्हणतायत असं वाटून मी व्हॅनकडे बघून हात केला. छकू माझ्या शेजारून न थांबता जिना चढून गेली.

खरं तर मी इथं थांबायला हवं होतं, असं आता कुणीही म्हणेल. पण अर्धवट तपासणी सोडून उठणं माझ्या रक्तात नाही. शिवाय आठवड्याच्या मधल्या वारी पार्कात गर्दी कमी असते म्हणून मला रजा हवी होती, आणि आमचे साहेब कारण ऐकल्याशिवाय रजा देत नाहीत. मी खरं कारण सांगितलं. इथंच चुकलं. पाहुणे आलेत म्हटलं असतं तर प्रकरण तिथंच मिटलं असतं.

साहेबांचा मुलगा छकूच्याच वयाचा निघाला. तो साहेबांना बुद्धिबळात हरवतो. मोठ्या साहेबांनाही हरवू शकेल, पण त्याला तसं करू नको म्हणून सांगून ठेवलंय. हे ऐकून शेजारच्या टेबलावरून कुणी म्हणालं की पूर्वी या वयात मुली घर सांभाळायच्या, त्यावर दुसरं कुणी म्हणालं की म्हणूनच आता जरा हत्ती बघू द्या. चहा येईपर्यंत ऑफिसात दोन तट पडले होते. ज्यांना मुलंच नाहीत त्यांची मतं सगळ्यात ठाम होती. मी मध्ये उभा होतो आणि माझी मुलगी हा चर्चेचा विषय झाली होती. मला कुणी खुर्चीसुद्धा दिली नाही. अखेर साहेब म्हणाले, तुम्ही निरीक्षक ना? मग हे अंदाजाचं बोलणं सोडा. पार्कवाल्यांची अधिकृत व्याख्या काय आहे ती घ्या.

मला हे पटलं. पार्कला फोन लावला. आधी बराच वेळ एक हत्ती गाणं म्हणत होता. मग एक मुलगी आली आणि तिनं मला कुठल्या पाळण्याची चौकशी आहे ते विचारलं, मग दुसरी आली, मग पुन्हा हत्ती आला. शेवटी ज्या बाई मिळाल्या त्यांनी सांगितलं की सर, वय बघत नाही, उंची बघतो. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. उंची म्हणजे मोजता येणारी गोष्ट. मी विचारलं, कुठपासून मोजता? जमिनीपासून, सर. कोणत्या जमिनीपासून? फरशी की वर टाकलेलं पायपुसणं? बाईंनी फोन ठेवला.

त्या रात्री जेवताना मी मोठ्या उत्साहानं जाहीर केलं की प्रश्न वयाचा नाहीच, उंचीचा आहे आणि उंची मी घरीच मोजू शकतो. छकूनं ताटातून मान वर केली नाही.

"मला नाही जायचं," ती म्हणाली.

कबूल करतो, क्षणभर मला हायसं वाटलं. प्रकरण निकाली निघालं होतं. पण बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावलं, आणि ती मला तिथं बोलावते तेव्हा ते मीठ चाखायला नसतं.

"ती तुम्हाला विचारायला आली होती," ती म्हणाली. "तुम्ही गावाला विचारत सुटलात."

"मग तिला जायचंय की नाही?"

"जायचंय. पण तसं म्हणायची सोय तुम्ही ठेवली नाहीत."

मी बाहेर आलो, छकूच्या शेजारी बसलो आणि म्हणालो की मलाच तो हत्ती बघायचाय, सोबत म्हणून येशील का. या सगळ्या प्रकरणात मी केलेली ही एकमेव शहाणपणाची गोष्ट. तिनं थोडा विचार केला. मोठा माणूस एकटाच गेला तर बरं दिसणार नाही, असं म्हणाली आणि तयार झाली.

पार्कला जाणाऱ्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. ओळखीचे रस्ते मागं पडले तशी खुलत गेली आणि मला समजावू लागली की मगर तोंड उघडायला घाबरते, तेव्हा सगळ्यांनी एकदम 'आ' करायचं असतं. "तुम्हीही करा हं बाबा. एकानं केलं नाही तरी तिला कळतं." मी करीन म्हणालो. किती दिवसांनी ती माझ्याशी असं बोलत होती. मला वाटलं, चला, निभावलं.

हॉलच्या दाराशी एक लाकडी जिराफ उभा होता. त्याच्या मानेवर लाल पट्टी होती आणि शेजारी उंचीचा आकडा रंगवलेला. डोकं पट्टीच्या खाली राहिलं तर पुढं सतरंजीवर, वर गेलं तर मागं पालकांच्या बाकांवर. छकूनं रांगेतूनच मान वाकडी करून अंदाज घेतला. मीही घेतला. माझा अंदाज चुकत नाही. ती बसत होती. केसभर का होईना, पण खाली होती.

आमच्या पुढं एक बाई आणि त्यांचा मुलगा होता. मुलाचं डोकं पट्टीच्या वर गेलं. दारावरच्या मुलीनं त्याला बाक दाखवला. बाई म्हणाल्या, पट्टीच चुकीची आहे, आम्ही घरून मोजून निघालोय. मुलगी म्हणाली, पट्टी आहे ती आहे. बाई हताश होऊन मागं वळून पाहू लागल्या, आणि पाहू लागल्या त्या नेमक्या माझ्याकडे.

चुकीचं माप म्हटलं की मला राहवत नाही, हे झालंच. पण तेवढंच नव्हतं. छकू माझ्या शेजारी उभी होती. तिच्यामागं 'कंपाउंडर' ही चिडवणारी हाक माझ्यामुळं लागली होती. आपला बाप काय चीज आहे हे तिला एकदा दिसावं, असं मला फार वाटलं. आणि आजवरचा माझा अनुभव असा, की चुकीचं माप नेहमी दुकानदाराच्या बाजूनंच चुकतं. पट्टी खाली ठोकलेली असणार, ती वर जाणार, बाईंचा मुलगा बसणार, आणि छकूच्या केसभराची चार बोटं होणार. मी पिशवीतून पोलादी टेप काढली. ती नेहमी माझ्याबरोबर असते. मग मी माझा हुद्दा सांगितला.

दारावरच्या मुलीनं सुपरवायझरला बोलावलं. रांगेतले लोक पुढं सरकले. मी जिराफाच्या पायाखालचं पायपुसणं काढायला लावलं, टेप सरळ धरली आणि मोजलं. मग पुन्हा मोजलं. पट्टी चुकलेलीच होती. लिहिलेल्या आकड्याच्या चांगली चार बोटं वर होती.

एवढ्या नोकरीत गिऱ्हाइकाच्या बाजूनं चुकलेलं माप मी पहिल्यांदाच पाहत होतो. ज्यानं कुणी ती ठोकली त्याला मुलांची दया आली असावी, किंवा तो नुसता वेंधळा असावा. मी टेप गुपचूप गुंडाळू लागलो. पण सुपरवायझर दुर्दैवानं अत्यंत प्रामाणिक माणूस होता. साहेब, उपकार झाले, म्हणाला. त्यानं स्क्रू-ड्रायव्हर मागवला, पट्टी काढली आणि खाली लावताना मला एक टोक धरायला सांगितलं. मी धरलं.

तेवढ्यावर तो थांबला नाही. आत जाऊन त्यानं सतरंजीवर आधीच बसलेली मुलं एकेक करून नव्या पट्टीखाली आणली. बरीचशी बाद झाली. कुणी रडत, कुणी आईला ओढत बाकांकडे निघाली. ज्या बाईंसाठी मी हे केलं होतं त्या मला जे म्हणाल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग छकूची पाळी आली. ती जिराफाला पाठ लावून उभी राहिली. तिनं केसांतली क्लिप काढली. मग बूट काढून हातात घेतले. मग श्वास सोडला. पट्टी तिच्या कपाळावर होती.

दारावरची मुलगी हळूच म्हणाली, "जाऊ दे. बस जा पुढं." सुपरवायझरही घुटमळला. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, तुमचीच ना? तुम्ही म्हणाल तसं."

बाद झालेल्या मुलांचे आईबाप माझ्याकडे बघत उभे होते. मला 'जा' एवढंच म्हणायचं होतं. देवाशप्पथ सांगतो, मला तेच म्हणायचं होतं. पण हातात टेप होती, आणि मी नुसती ती गुंडाळत राहिलो. छकूनं जरा वेळ वाट पाहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं, त्या माणसांकडे पाहिलं, आणि वाकून बूट घालू लागली.

"मी लहान नाहीये," ती सुपरवायझरला म्हणाली. "मी बाबांना घेऊन आलेय. आम्ही मागं बसतो."

समजूतदार आहे हो मुलगी, असं सुपरवायझर मला म्हणाला. मी मान डोलावली. अब्रू वाचली होती, आणि ती तिनं वाचवली होती.

आम्ही सगळ्यात शेवटच्या बाकावर बसलो. खेळ सुरू झाला. सतरंजीवर मोजकीच मुलं उरली होती, त्यामुळं चमच्यांचा आकडा सांगणारा आवाज अगदीच बारीक येत होता. आजोबांनी दोनदा कानाला हात लावून विचारलं. छकूला उत्तर माहीत होतं. ती हातांची घडी घालून, पाठ ताठ ठेवून, पालकांसारखी बसून होती. मगर आली, तोंड उघडायला घाबरली. मी कबूल केल्याप्रमाणे जोरात 'आ' केलं. बाकांवरून मी एकटाच. पुढच्या रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं. छकूनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, हळू."

खेळ संपला, गोगलगाय पोचली, आणि हत्तीआजोबा सतरंजीवरच्या कंपाउंडरांशी हात मिळवून आत जायला निघाले. पण त्या दिवशी बाकांवरून रडण्याचा आवाज फार येत होता. हत्ती थबकला. मग तो पायऱ्या चढून वर येऊ लागला. त्याला पायरी दिसत नव्हती. शेपूट धरून एक माणूस मागून त्याला सांभाळत होता. तो प्रत्येक रांगेत थांबला, रडणाऱ्या प्रत्येक मुलाचा हात त्यानं हातात घेतला, आणि एकेक मूल गप्प होत गेलं. असा तो शेवटच्या रांगेत आला. धापा टाकत आमच्यासमोर उभा राहिला आणि त्यानं आपला भलामोठा करडा हात छकूपुढं केला.

छकूनं मागं वळून पाहिलं.

मागं भिंत होती. ती पुन्हा समोर वळेपर्यंत हत्ती शेजारच्या मुलापाशी गेला होता. मी उभा राहिलो आणि चारचौघांत ओरडलो, "अहो, आजोबा! ही राहिली!" पण त्या जाड डोक्याच्या आत काही ऐकू जात नसावं. शेपूट धरणाऱ्या माणसानं मला बसायची खूण केली आणि हत्ती दुसऱ्या बाजूनं खाली उतरू लागला.

छकूनं माझी बाही ओढली.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "मला वाटलं, मागं कुणीतरी लहान मूल आहे."